बशीतल्या पेशी

"इन्सुलिन बंद केलं? कुणाला विचारून?" शलाका इतकी कडाडली की हातातली काचेची बशी हिंदकळली. बशीत उंदराच्या स्वादुपिंडातल्या पेशी होत्या. नव्या औषधाने त्यांच्यातली इन्सुलिन घडवणारी प्रथिनं वाढली होती, पण ती बशीत, माणसात नव्हे.

प्रयोगशाळेचे वॉचमन म्हादूकाका दारातच चुळबुळत उभे होते. "आमच्या हिला चार दिवस सुई दिली नाही, ताई. तुमचं औषध निघालंय, मग उगाच कशाला टोचायचं? आज लई गळून गेलीय. दोन गोळ्या द्या की."

"गोळ्या आहेत कुठे? पेपरवाले वाट्टेल ते छापतात आणि तुम्ही विश्वास ठेवता!"

काकांनी खिशातून घडी केलेलं कात्रण काढून तिच्यापुढे धरलं. त्यात तिचाच हसरा फोटो होता. खाली तिने बातमीदाराला हौसेने दिलेलं वाक्य ठळक छापलं होतं: 'आता सुयांना रामराम!'

शलाकाने बशी खाली ठेवून हातमोजे ओरबाडून काढले. "गाडीत बसा, आधी तिला दवाखान्यात नेऊ," म्हणत तिने कात्रण फाडायला घेतलं.

काका कळवळले. "फाडू नका, ताई. हिनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं ते."