आधी आलेलं नाव

खोडाळ्याच्या घाटात जीप उलटल्याचं कळलं, तेव्हा जव्हारच्या कचेरीत कमलेश कॉम्प्युटरवरच बसला होता. दवाखान्याकडून येणाऱ्या फाइलीत प्रत्येक माहिती दोन टॅगांच्या, म्हणजे ती कशाची ते सांगणाऱ्या खुणांच्या, मध्ये लिहिलेली असे. त्यातलं ‘नाव’ तेवढं उचलून मृतांची नावं दाखवणारा प्रोग्राम कमलेशनंच लिहिला होता. त्यानं तो चालवला, आणि पडद्यावर एकच नाव उमटलं: भिका जिव्या वारघडे.

ते त्याच्या बापाचं नाव होतं.

कमलेशनं कीबोर्डवरच डोकं टेकलं. शेजारच्या टेबलावरच्या रंजनाताई धावत आल्या.

“अरे, असा गळाठू नकोस. तुझा प्रोग्राम चुकला नसेल कशावरून? आधी मूळ फाइल उघड बघू.”

त्यानं ती उघडली. बापाचं नाव होतं ते ‘आणणारा’ या टॅगाच्या पोटात. दवाखान्याच्या दारात आधी आणणाऱ्याचंच नाव विचारून लिहितात, हे प्रोग्राम लिहिताना त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. जे नाव पहिलं सापडलं, तेच प्रोग्रामनं उचललं होतं.

“ताई, बा जिता हाय! बा मेला नाय, बा तर मेलेल्याला घेऊन आला!” कमलेश रडता रडता हसू लागला.

रंजनाताई हसल्या नाहीत. त्यांची नजर खालच्या ओळीवर खिळली होती.


तिथं ‘आणणाऱ्याचं मृताशी नातं’ या टॅगात लिहिलं होतं: नवरा.