सेफ्टीवाल्याचा मुलगा

अर्णव गाडीत जाऊन बसलासुद्धा.

गाडी दोन सीटची होती, छोटी, जुन्या जमान्यातली, वर छत नसलेली. जियाद साहेबांनी वडिलांची ही गाडी बैरूतहून इथे आखातात आणून अबू हमूरच्या आपल्या व्हिलात जिवापाड जपली होती. दार इतकं बुटकं, की सहा वर्षांचा अर्णव खांद्यांपासून वर सगळा उघडा दिसत होता. मागे सीट नव्हती. पुढच्या सीटला पट्टा नव्हता. त्याच्या तोंडासमोर निव्वळ पत्र्याचा डॅशबोर्ड होता.

विजयला, त्याच्या बाबाला, हे एका नजरेत दिसलं. अशा गोष्टी बघणं हेच त्याचं काम. मेसईदच्या प्लांटमध्ये तो सेफ्टी ऑफिसर होता. त्याची सही झाल्याशिवाय तिथे कोणी साधं शिडीवरही चढत नसे. आणि जियाद साहेब त्या प्लांटचे प्रमुख होते.

त्याची बायको आसावरी त्याच्या जवळ सरकली. "पट्टा नाहीये रे. तू बोल ना."

"बोलतो."

शुक्रवारचं जेवण नुकतंच झालं होतं. साहेबांनी आग्रहाने घरी बोलावलं होतं, आसावरीसाठी बिनमटणाची बिर्याणी वेगळी करवली होती. विजयचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होतं. ते वाढवण्याबद्दल साहेब अजून अवाक्षर बोलले नव्हते.

"सर, सीट बेल्ट..." विजय म्हणाला.

"त्या काळी कुठे होते बेल्ट?" साहेब हसले. "माझे वडील आम्हा सगळ्या भावंडांना हिच्यात कोंबायचे. ओके ना, विजय?"

'नाही' हा शब्द विजयच्या ओठांवर आला होता. प्लांटमध्ये तो दिवसातून कितीदा तरी म्हणायचा.

"ओके, सर."

"यल्ला, चला," साहेब म्हणाले, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

"गल्लीतच एक चक्कर मारतील," विजय म्हणाला. पण इंजिनाचा आवाज गल्लीच्या टोकाला वळला नाही. तो मोठ्या रस्त्याकडे गेला आणि तिथल्या आवाजात मिसळून गेला. त्या रस्त्यावरून लँड क्रूझर सुसाट जायच्या. त्यांच्या चाकाएवढी तर ही गाडी.

आसावरी फाटकाशी जाऊन उभी राहिली. विजयने फोन काढला, साहेबांचं नाव शोधलं आणि फोन परत खिशात ठेवला. फोन केला असता तर साहेबांनी एका हाताने गाडी चालवत उचलला असता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्त्यावर कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवला, तशी आसावरीने फाटकाची सळई घट्ट धरली. विजयकडे तिने बघितलंही नाही.

गाडी परत आली तेव्हा अर्णवचे केस पिंजारलेले होते आणि चेहरा लाल झाला होता. "बाबा, वी वेंट सो फास्ट!" आसावरीने त्याला दारावरूनच उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"आला ना नीट?" विजय हळूच म्हणाला. ती अर्णवचे केस सारखे करत राहिली.

तेवढ्यात साहेबांनी सुनेला हाक मारली. समीना मूळची हैदराबादची. ती आपल्या चार वर्षांच्या मुलीचा हात धरून बाहेर आली.

"बघ समीना," साहेब म्हणाले, "माझ्या नातीला तू या गाडीत कधी बसू देत नाहीस. हा आमचा सेफ्टी ऑफिसर. आत्ता याने स्वतःचा मुलगा बसवला. विजय, तूच सांग हिला."

समीनाने गाडीकडे पाहिलं, मग विजयकडे. मुलीच्या मनगटावरची तिची पकड सैल झाली.

"भाईसाहब," तिने हिंदीत विचारलं, "तुम्ही म्हणत असाल तर बसवते. सेफ आहे ना?"

मुलगी हात सोडवून धावली आणि दाराच्या कडेला लोंबकळली. डॅशबोर्डचा पत्रा बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीला होता.

"नाही," विजय इंग्रजीत म्हणाला, साहेबांनाही कळेल असं. "सेफ नाही. पट्टा नाही, वर काही नाही. नुसता जोरात ब्रेक लागला तरी ती त्या पत्र्यावर आदळेल. कुठलंच मूल यात बसवू नका."

बोलून झाल्यावर त्याला आपलाच आवाज ऐकू आला. प्लांटमधला होता तो, स्पष्ट आणि शांत.

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. "खलास," एवढंच म्हणून ते आत गेले.

समीनाने मुलीला कडेवर घेतलं. जाता जाता ती थांबली. आसावरीच्या गळ्यात हात टाकून बसलेल्या अर्णवकडे तिने पाहिलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"मग तुम्ही तुमच्या मुलाला कसं बसू दिलंत?"