राळेची तीन पाणी

थोरला आत आला तसा धाकट्याने फोन खाली ठेवला.

"कोण होतं रे?"

"झाकणवाला. पुढच्या मालाचं विचारत होता."

थोरल्याने खिडकीतून पाहिले. झाकणवाला खाली अंगणात उभा राहून स्वतःच्याच ट्रकमधून डब्यांची झाकणे उतरवून घेत होता. त्याच्या हातात फोन नव्हता. थोरला खुर्ची ओढून बसला.

लाकडाला लावायच्या रोगणाचा हा कारखाना वडिलांनी उभा केला होता. जाण्यापूर्वी त्यांनी कृतीचे दोन भाग केले आणि दोन मुलांना वेगवेगळे बसवून शिकवले. राळ धुणे थोरल्याकडे: कोणती पूड, तीन पाणी, त्यातले प्रत्येक किती कोमट. धुतलेली राळ तेलात कढवणे धाकट्याकडे. एकाचे काम चालू असताना दुसऱ्याने त्याच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. "कुलूप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे," वडील म्हणत, "म्हणजे घर फुटत नाही." बावीस वर्षे ते फुटले नव्हते.

आता एका मोठ्या कंपनीला हा कारखाना कृतीसकट हवा होता. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचे होते.

"विकावा, असं माझं मत आहे," धाकटा म्हणाला. "त्यांच्यासमोर दोन वर्षं तग धरू. तिसऱ्या वर्षी चाळीस माणसांना घरी पाठवावं लागेल, दादा."

"आणि कृती देऊन टाकल्यावर आपण कोण? दारातलं पायपुसणं?"

"तुझं काम तुझ्याकडेच राहील. ते मी बघतो."

"तू बघतोस!" थोरला हसला. "मला सांभाळणारा माणूस कधीपासून लागायला लागला?"

धाकट्याची नजर त्याच्या हातांकडे गेली. रोजच्या पाण्याने थोरल्याची बोटे सांध्यांत सुजली होती. "दुखतात का? पाणी जरा कमी कोमट घेतलंस तर..."

"माझ्या पाण्यात तू हात घालू नकोस."

'कमी कोमट'. पाणी किती कोमट असते हे याला कसे ठाऊक? ते दोन शब्द थोरल्याच्या कानांत दिवसभर घुमत राहिले.

घरी जेवताना त्याने विषय काढला. "परवा त्या कंपनीच्या बाई धाकट्याच्या गाडीतून उतरल्या. मला अवाक्षर बोलला नाही."

"मग विचारा ना भावजींना सरळ," बायको म्हणाली. "तोंड झिजेल का?"

"चोर कधी सांगतो का, मी चोर म्हणून?"

"अहो, चोरी तर व्हायला हवी आधी! तुमचं म्हणजे पाऊस नाही पाणी नाही, आणि छत्री उघडून बसलात."

थोरला हसला नाही. त्याला तीन वर्षांपूर्वीचे ते दुखणे आठवले होते. अडीच आठवडे तो अंथरुणाला खिळून होता आणि तरीही सगळा माल वेळेवर गेला होता. 'धुतलेली राळ शिल्लक होती ना, दादा,' धाकट्याने सांगितले होते, आणि तापात ते ऐकून त्याला केवढे बरे वाटले होते! पण धुतलेली राळ चार दिवसांपेक्षा जास्त कधी शिल्लक नसे. मग उरलेले दिवस ती कोणी धुतली?

"भिंतींना कान असतात म्हणतात," तो हात धुता धुता पुटपुटला. "आमच्या भिंतींना डोळे निघाले."

गुरुवारी सकाळी तो कोणालाही न सांगता कंपनीच्या कचेरीत गेला. रस्ताभर तो स्वतःला बजावत होता: हा दगा नव्हे, आपले ते आपण राखतो आहोत. त्या बाईंनी त्याला लगेच आत घेतले, चहा मागवला, समोर एक फाईल उघडून ठेवली.

"माझा भाग मी देतो," थोरला म्हणाला. "कढवणं काय, तुमची माणसं महिन्याभरात शोधून काढतील. सगळी करामत धुण्यात आहे. ती फक्त मला येते. पण माझी एक अट आहे."

"बोला ना."

"धाकटा नको. कारखाना घ्या, पण तो त्यात नको. कुठल्याच कामावर नको."

बाईंनी चष्मा काढला. "पण तुमच्या भावाने तर..." आणि एकदम थांबल्या. फाईल मिटत म्हणाल्या, "एक मिनिट बसा हं. मी वर विचारून येते."

दार लागले. फाईल टेबलावरच राहिली होती. थोरल्याने आयुष्यात कधी दुसऱ्याचा कागद उघडला नव्हता. त्याने ती उघडली.

अक्षर धाकट्याचे होते. पहिल्याच पानावर राळ धुण्याची कृती होती. पूड, तिचे प्रमाण, तीन पाणी, तिसऱ्या पाण्यात डावीकडून उजवीकडे ढवळणे, मग सावलीत वाळवणे. एकही चूक नव्हती. बावीस वर्षांत बायकोलासुद्धा न सांगितलेली गोष्ट परक्याच्या टेबलावर पडली होती. हे पान नेऊन आजच त्याच्या तोंडावर फेकायचे, चाळीस माणसांदेखत, असे ठरवून त्याने ते फाईलमधून सोडवले.

पानाच्या मागच्या बाजूला 'माझी अट' असे शीर्षक होते आणि मजकुराच्या शेवटी कंपनीची सही.

'हे धुणे पूर्णपणे वगळले तरी रोगणात काडीचा फरक पडत नाही, हे वडिलांनी मला ही कृती देतानाच सांगितले होते. तरीही दादा कामावर येतो तोवर राळ रोज तीन पाण्यांतून काढावी. आणि का, ते त्याला कधीही कळू नये.'