सील शाबूत

पुरासाठी आणलेल्या बोटीच्या इंजिनातून सरावाच्या दिवशीच पेट्रोल गळायला लागलं. तरी इंजिन तसंच पेटीत घालून, वर तहसीलदार साहेबांच्या सहीचं कागदी सील डकवून गोदामात ठेवलं. मग मीटिंगला बीडला गेलेल्या साहेबांना त्या गळतीची आठवण झाली. त्यांनी शिपाई उत्तरेश्वरला फोन लावला, "इंजिनाचं सील फाटलंय का, तेवढं बघ."

इंजिनाच्या पोटातही पेट्रोल अडवणारी रबराची सीलं असतात, हे त्या बाबाला कुणी सांगितलं होतं? त्यानं पेटीवरचा कागद चारी कोपऱ्यांनी निरखला आणि छाती फुगवून कळवलं, "शाबूत हाय, साहेब."

सिंदफणेला पूर आला तेव्हा शेतात अडकलेली माणसं बोटीत घेतली आणि ऐन धारेत इंजिनानं पेट घेतला. उड्या मारल्या त्यांना पाण्यानं नेलं. बसून राहिले ते जळाले.

जळकं इंजिन पुन्हा पेटीत आलं. साहेबांनी नवा कागद डकवून सही केली. "चौकशी होईपर्यंत हे सील फाटता कामा नये."

 

"काळजीच करू नका, साहेब," उत्तरेश्वर म्हणाला, "मागल्या बारीला तरी कुठं फाटू दिलतं?"