ही उठत नाहीये

"आधी पत्ता सांगा," तिने म्हटलं. पडद्यावरचा पहिला प्रश्न तोच होता.

फोनवरच्या म्हाताऱ्या आवाजाने पत्ता नीट सांगितला. तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे, हेही सांगितलं. मग म्हणाला, "ही उठत नाहीये."

"कोण उठत नाहीये?"

"ही. आमची ही."

दुपारची जेवणाची वेळ होती. रुग्णवाहिका केंद्राच्या हॉलमधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या. उरलेल्यांवर हेडफोन लावलेली माणसं कुणाकुणाच्या संकटाशी हळू आवाजात बोलत होती. तिला इथे सगळे चिवचिव म्हणायचे. घरी बोलायला चार भिंती, म्हणून की काय, फोन करणाऱ्याशी ती पडद्यावर नसलेलंही पुष्कळ बोलायची. मध्ये एकदा एका आईला "काही होणार नाही हो बाळाला" असं सांगून बसली होती. बाळाला झालं. तेव्हापासून शिफ्टचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, अधूनमधून तिच्या मागे येऊन उभे राहायचे. ओरडले नव्हते. "पडद्यावरचं वाचत जा," एवढंच म्हणाले होते. "तिथलं एकेक वाक्य कोणाचा तरी जीव गेल्यावर लिहिलेलं आहे."

"श्वास चालू आहे का त्यांचा? छाती वर-खाली होतेय का बघा."

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग, "नाही वाटत."

तिने गाडी काढायला लावली आणि पुढचा प्रश्न वाचला. "हात लावून बघा, आजोबा. अंग गार लागतंय का?"

"हिचं अंग गारच असतं नेहमी. भर उन्हाळ्यात पायमोजे घालून झोपते."

"आणि हात? कोपरात वाकतो का?"

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. पलंग करकरला. "नाही हो. ताठ झालाय."

तिने उत्तर भरलं. पडदा बदलला. छाती कशी दाबायची, तळहात कुठे ठेवायचा, हे सगळं तिला तोंडपाठ होतं, ओठांवर आलंही होतं. पण समोर त्यातलं काहीच आलं नाही. समोर आलं ते एवढंच, की छाती दाबायला सांगू नये.

"मी छाती दाबू का?" ते म्हणाले. "टीव्हीवर दाखवतात तशी. हातात जोर आहे माझ्या अजून."

दाबा, असं म्हणावंसं तिला वाटलं. गाडी येईपर्यंत बिचाऱ्याच्या हातांना काम तरी मिळेल, कुणाचं काय जातंय? मास्तर मागेच उभे होते. आणि ते वाक्य का लिहिलं असेल, ते तिला एकदम दिसलं. हाताखाली मोडणारी फासळी, आणि तो आवाज जन्मभर ऐकत बसणारा एक एकटा माणूस.

"नको, आजोबा. छाती दाबायची नाही."

"म्हणजे?"

याचं उत्तर पडद्यावर नव्हतं. ते देण्याचा अधिकारही तिला नव्हता. "गाडीबरोबर येणारी माणसं त्यांना तपासतील," तिने वाचलं.

"बरं." मग खूप हळू, "मी सकाळपासून आवाज न करता वावरतोय. रात्री खोकत होती. म्हटलं, झोपू दे. चहासुद्धा एकट्याने घेतला."

जिना उतरताना अंधारात कठडा चाचपावा तशी तिची नजर पुढच्या ओळीवर गेली.

"दाराची कडी काढून ठेवता का?"

चपला सरपटत गेल्या. कडी वाजली. चपला परत आल्या. "काढली."

"त्यांची औषधं एका जागी ठेवा."

खण उघडला, पाकिटं कुरकुरली. "ठेवली. माझी त्यात मिसळली होती, ती बाजूला काढली."

"सोबतीला कोणी येऊ शकेल? शेजारी, नातेवाईक?"

"मुलगी आहे. लांब असते. तिच्याकडे आत्ता पहाटसुद्धा झाली नसेल. झोपू दे तिला." मग म्हणाले, "शेजारचे घर बदलून गेले."

"मग मी आहे लाइनवर. गाडी येईपर्यंत फोन ठेवू नका."

हेही पडद्यावर लिहिलेलंच होतं, शब्दन् शब्द. बोलून बोलून गुळगुळीत झालेलं. आज ते म्हणताना तिने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"तुम्ही जेवलात का?" तिकडून विचारणा झाली.

तिने वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दुसरीकडे बघत होते.

"नाही अजून," ती म्हणाली.

"आम्ही या वेळेला बसतो."

हेडफोनमध्ये नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि बहुधा तिचाही त्यांना ऐकू जात असावा. तिकडच्या नळातून थेंब गळत होते.

मग जिन्यावर बूट वाजले. दार ढकललं गेलं, दोन-तीन आवाज एकदम आत आले. पथक पोहोचलं की फोन तोडायचा, असा नियम होता. दुसरे फोन वाट बघत असतात. तिचं बोट बटणावर गेलं.

"आजोबा, हा फोन चालूच आहे," तिकडे कोणीतरी म्हणालं. "कोण आहे फोनवर?"

"घरच्या आहेत," ते म्हणाले. "बसू द्या त्यांना."