बॅटरीवरची गलंतिका

"पाणी? बॅटरीवर पाणी?" गौरी मॅडमनी गॉगल कपाळावर सरकवला. "अभिषेक चाललाय का इथे?"

"बॅटरीवर नाही मॅडम, पेटीवर," देवश्री म्हणाली. "पेटी पूर्ण बंद आहे. एक थेंब आत जाणार नाही."

उज्जैनबाहेरचं शेत, दुपारचा एक, पारा त्रेचाळीसवर. विजेवर चालणाऱ्या ट्रॅक्टरवर देवश्रीने दोन माठ बांधले होते. महाकालच्या पिंडीवर वैशाखात गलंतिका टांगतात ना, थेंब थेंब पाणी पडत राहतं, अगदी तस्से! इथे थेंब पडत होते पेटीला गुंडाळलेल्या गोणपाटावर.

वीस ट्रॅक्टर घ्यायला आलेले भय्यासाहेब बांधावर छत्री धरून बसले होते. काल त्यांच्यासमोर मॅडमनी बनवलेल्या पंख्यांचा ट्रॅक्टर पस्तीस मिनिटांत तापून बंद पडला होता. आज अकरावीतल्या ह्या पोरीची पाळी. तासभर चालला, तर विसांवर माठ. नाही चालला, तर माठ उचलायचे आणि मुकाट घरी जायचं.

"मंदार, नांगर अजून खोल घाल," मॅडमनी ड्रायव्हरला सांगितलं.

"काल तर इतका खोल नव्हता!"

"का? घाबरलीस?"

"डरे मेरी जूती!"

भय्यासाहेब खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. आपली पाण्याची बाटली त्यांनी देवश्रीपुढे आदळली. "पी. इथे भोवळ येऊन पडलीस तर तमाशा नको मला. आणि माझ्या पंख्यांत काय वाईट होतं, तेही सांगून टाक."

"पंखा बाहेरची हवा आत ओढतो. बाहेर भाजणाऱ्या वाऱ्याची लू चाललीये, मॅडम! तापलेल्याला लू देऊन कोण गार करतं?"

मॅडमचा चेहरा उतरला. ह्या पंख्यांवर त्या चार वर्षं खपल्या होत्या. देवश्रीला ते पक्कं ठाऊक होतं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही. का घ्यावा? खरं ते खरं.

वीस मिनिटं. चाळीस. दर पाच मिनिटांनी मॅडम तापमान मोठ्याने वाचत होत्या. पन्नासाव्या मिनिटाला एक माठ रिकामा झाला.

"भरू?"

"हात लावायचा नाही!"

देवश्रीने दात आवळले आणि हाताची घडी घातली. नाही तर नाही. एका माठावर चालवून दाखवते.

साठ मिनिटं झाली. ट्रॅक्टर मजेत चालत होता.

मॅडमनी वीस ट्रॅक्टरांच्या ऑर्डरचा कागद गुडघ्यावर घेतला, 'पंखे' खोडलं, 'माठ' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"क्या बात है!" भय्यासाहेब छत्री टाकून उठले. "तोंडावर एवढं सुनावलं हिने, तरी सही केलीत? मॅडम, ही छोकरी आहे तरी कुणाची?"

गौरी मॅडमनी कागद त्यांच्या हातात दिला.

"माझी."