प्लास्टिकचा थर

प्रणिताचं नर्सिंगचं प्रमाणपत्र आलं, त्याच संध्याकाळी आबा ते झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेले.

“लॅमिनेशन म्हणजे काय करता?”

“दोन्हीकडून प्लास्टिकचा थर. पाणी लागो, वाळवी लागो, अक्षराला धक्का नाही.”

भरतीच्या पडताळणीत खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्र परत सरकवलं. “लॅमिनेट केलेलं चालत नाही. थर काढून आणा. चारला खिडकी बंद.”

प्रणिताने बाहेरच्या बाकावर बसून ब्लेडने कड उचलली आणि प्लास्टिक हळूहळू सोललं. ते अखंड निघालं. नाव, शिक्का, सही सगळं त्यालाच चिकटून आलं. मांडीवर पांढरा कागद उरला.

तेवढ्यात आबांचा फोन आला. “तिकडे पाऊस आहे म्हणे. प्रमाणपत्र भिजलं नाही ना?”

“नाही.”

“बघ. तू उगाच नको म्हणत होतीस.”